एकच पोस्ट, दोन सर्व्हर, मग रिप्लाय वेगवेगळे का दिसतात?

मॅस्टोडॉनवर (ट्विटरसारखंच, पण वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरांवर मिळून चालणारं सोशल नेटवर्क) माझी दोन अकाउंट आहेत, एक मोठ्या सर्व्हरवर आणि दुसरं अगदी छोट्या सर्व्हरवर, जिथे मोजून वीसेक माणसं असतील. मागे एकदा एकच पोस्ट मी दोन्हीकडून शेजारी शेजारी उघडली तर मोठ्या सर्व्हरवर तिच्याखाली चाळीसच्या वर रिप्लाय आणि छोट्यावर फक्त तीन. लाइकचा आकडाही वेगळा. वाटलं पेज नीट लोड झालं नसेल, रिफ्रेश केलं, परत तेच. पण बिघडलेलं काहीच नव्हतं, दोन्ही सर्व्हर स्वतःला जेवढं माहीत होतं तेवढं दाखवत होते. "हॅशटॅग शोधला तर काहीच येत नाही", "एवढा जुना माणूस आणि प्रोफाइल रिकामं कसं", "मी पोस्ट डिलीट केली तरी तिकडे अजून दिसतेय" अशा ज्या तक्रारी नवीन लोक करतात ना, त्या सगळ्यांचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याला सवय असते ती एका कंपनीच्या एका डेटाबेसची. तिथे पोस्ट टाकली की ती एका जागी जाऊन बसते आणि जो कोणी बघतो तो तीच बघतो. फेडिव्हर्समध्ये, म्हणजे मॅस्टोडॉनसारख्या एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यात, अशी एक जागाच नाही. हजारो सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, चालवणारा माणूस वेगळा, आणि सगळं मिळून पूर्ण चित्र कोणाकडेच नसतं. तुमच्या स्क्रीनवर परक्या सर्व्हरवरची जी पोस्ट दिसते ती तुमच्या सर्व्हरने स्वतःकडे ठेवलेली प्रत असते. मग प्रश्न एवढाच उरतो की कोणत्या सर्व्हरकडे कोणती प्रत पोचते आणि कोणामुळे.

हे सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिचं नाव अॅक्टिव्हिटीपब. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २३ जानेवारी २०१८ ला ती प्रमाण म्हणून जाहीर केली. त्याआधी ओस्टेटस नावाची जुनी पद्धत होती, युजेन रोचको यांनी २०१६ मध्ये मॅस्टोडॉन आणलं तेव्हा ते सुद्धा त्यावरच चालायचं, २०१७ मध्ये अॅक्टिव्हिटीपबवर आलं. भाषा एकच असल्यामुळे मॅस्टोडॉनवरून पीअरट्यूबचं व्हिडिओ चॅनल फॉलो करता येतं, पिक्सेलफेडचे फोटो बघता येतात, ही सोय चालू केलेल्या वर्डप्रेसच्या ब्लॉगवर रिप्लाय देता येतो. इतिहास एवढा पुरे, खरी मजा पुढे आहे.

समजा तीन सर्व्हर आहेत, नदी, डोंगर आणि वारा. मीरा नदीवर आहे, समीर डोंगरवर. समीरला मीराला फॉलो करायचंय आणि डोंगरने मीराचं नावसुद्धा कधी ऐकलेलं नाही. समीर सर्चमध्ये तिचं पूर्ण हँडल टाकतो, म्हणजे @मीरा@नदी. त्यातला दुसरा भाग सर्व्हरचा पत्ता, ईमेलसारखाच. डोंगर लगेच नदीच्या एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन विचारतो की तुमच्याकडे मीरा नावाचं कोणी आहे का. या विचारण्याला वेबफिंगर म्हणतात. नदी उत्तर देतो की हो आहे, तिची माहिती अमुक लिंकवर मिळेल. डोंगर त्या लिंकवर जातो आणि तिथून मीराची फाइल उचलतो, तिच्यात नाव, फोटो, ओळख, तिचा इनबॉक्स कुठे, आउटबॉक्स कुठे, आणि एक पब्लिक की. ही की लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता समीरला मीराचं प्रोफाइल दिसतं, पण खाली पोस्ट नाहीत, किंवा तिने पिन केलेल्या दोन-तीनच आहेत. मीरा पाच वर्षं रोज लिहित असली तरी! कारण डोंगरवर आजवर तिला कोणी फॉलो केलेलं नाही, त्यामुळे तिच्या पोस्ट तिकडे कधी गेल्याच नाहीत, आणि मॅस्टोडॉन सहसा जुन्या पोस्ट मागून घेत बसत नाही, पिन केलेल्या तेवढ्या आणतो. नवीन माणूस इथेच फसतो, "हे अकाउंट बंद दिसतंय" म्हणून निघून जातो. जाऊ नका. त्या प्रोफाइलवरून मूळ पेज उघडायची सोय असते, तिथे सगळं असतं.

समीर फॉलो दाबतो. त्याबरोबर डोंगरकडून मीराच्या इनबॉक्सला "फॉलो" नावाचा एक छोटा संदेश जातो आणि नदीकडून "अॅक्सेप्ट" परत येतो (मीराने मंजुरी हाताने द्यायचं ठरवलं असेल तर ती मंजूर करेपर्यंत समीरकडे रिक्वेस्ट लटकलेली दिसते). नदी आपल्या यादीत लिहून घेतो की मीराचा एक फॉलोअर डोंगरवर आहे. इथून पुढे मीरा जे काही लिहील ते डोंगरला पोचवायचं काम नदीचं. डोंगरला सारखं सारखं येऊन "काही नवीन आहे का" असं विचारावं लागत नाही.

मग मीरा एक पोस्ट टाकते. नदी ती आधी स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो, तिला एक कायमचा पत्ता देतो, आणि मग तिचं पार्सल बांधतो. आतल्या मजकुराला म्हणतात "नोट", बाहेरच्या वेष्टनाला "क्रिएट", म्हणजे "मीराने ही नोट तयार केली" असं ते सांगतं. वेष्टनावर कोणासाठी तेही लिहिलेलं असतं. पोस्ट पब्लिक असेल तर "सगळ्यांसाठी" असा एक खास पत्ता आणि सोबत फॉलोअरची यादी, फक्त फॉलोअरसाठी असेल तर नुसती यादी, आणि एखाद्यालाच उद्देशून असेल तर फक्त त्याचा पत्ता. प्रायव्हसी म्हणून जे काही आहे ते या पत्त्याच्या ओळींवर चालतं, म्हणजे समोरच्या सर्व्हरने त्या ओळी वाचून तसं वागावं या भरवशावर.

आता मीराला आठशे फॉलोअर असले तर आठशे पार्सलं पाठवायची का? नाही. ते आठशे जण समजा दीडशे सर्व्हरवर पसरलेले आहेत, तर बहुतेक सर्व्हर आपला एक सामायिक इनबॉक्स जाहीर करतात, तिथे एक प्रत टाकली की काम झालं, आत कोणाकोणाच्या टाइमलाइनला लावायची ते त्या सर्व्हरने बघायचं. म्हणून डोंगरवर मीराचे तीनशे फॉलोअर असले तरी तिकडे प्रत एकच जाते. ही दीडशे कामं एका रांगेत लागतात, मॅस्टोडॉनमध्ये ती रांग साइडकिक नावाचा प्रोग्राम सांभाळतो. एखादा सर्व्हर बंद असला की काम परत रांगेत, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न, मग आणखी जास्त वेळाने, असं अंतर वाढवत वाढवत, आणि सलग सात दिवस काहीच जात नसेल तर मॅस्टोडॉन तो सर्व्हर गेला असं समजून पाठवणं थांबवतो. २७ ऑक्टोबर २०२२ ला ट्विटर विकलं गेलं आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लोक लोंढ्याने इकडे आले, तेव्हा या रांगाच तुंबल्या होत्या, पोस्ट हरवत नव्हत्या पण उशिरा पोचत होत्या आणि लोकांना वाटायचं आपलं कोणी ऐकतच नाहीये.

आता ती की. इनबॉक्स हा इंटरनेटवर उघडा पत्ता असतो, तिथे कोणीही काहीही पाठवू शकतं, मग मी उद्या उठून मीराच्या नावाने एक खोटी पोस्ट डोंगरला पाठवली तर? हे कसं अडतं ते मला या सगळ्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं, म्हणून जरा जवळून बघू. नदीकडून जी रिक्वेस्ट जाते तिच्या माथ्यावर काही ओळी असतात. एकीत कोणत्या इनबॉक्ससाठी आहे ते, एकीत समोरच्या सर्व्हरचं नाव, एकीत तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत, एकीत डायजेस्ट, म्हणजे आतल्या अख्ख्या मजकुराचा गणिताने काढलेला ठसा, मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी हा ठसा पूर्ण बदलतो. आणि शेवटी सही. वरच्या सगळ्या ओळी एकत्र करून मीराच्या प्रायव्हेट कीने, म्हणजे त्या पब्लिक कीच्या गुप्त जोडीदाराने, केलेली. डोंगर काय करतो, सहीसोबत दिलेल्या लिंकवरून मीराची पब्लिक की घेतो (तीच, जी तिच्या फाइलमध्ये होती), सही जुळते का बघतो, मग मजकुराचा ठसा स्वतः काढून तो जुळतो का बघतो, मग वेळ बघतो. मॅस्टोडॉन साधारण बारा तासांपेक्षा जुनी सही घेत नाही, नाहीतर कोणीतरी जुनं पार्सल पकडून ठेवून महिन्याने परत पाठवलं असतं. यामुळेच एखाद्या सर्व्हरचं घड्याळ बरंच चुकलं की त्याची एकही पोस्ट बाहेर कोणी घेत नाही आणि बिचारा अॅडमिन सगळीकडे शोधत बसतो, घड्याळ सोडून.

एक गोष्ट मात्र इथे सगळ्यांनी समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. मीराची प्रायव्हेट की मीराकडे नसते, ती नदी सर्व्हरवर असते. सही तिच्या नावाने सर्व्हर करतो. म्हणजे सर्व्हर निवडणं हे नुसतं नाव आवडलं म्हणून करायचं काम नाही, तुम्ही एका माणसावर किंवा एका छोट्या टीमवर भरवसा टाकत असता. प्रायव्हेट मेसेजचंही तेच, मॅस्टोडॉनवर ज्याला आपण डीएम म्हणतो ती पत्ता मर्यादित ठेवलेली साधी पोस्टच आहे, ती टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसते, पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दोन्ही सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये वाचता येईल अशी पडलेली असते. पासवर्ड, आजारपणाचे कागद, कोणाचा घरचा पत्ता असलं काही तिथे टाकू नका, कृपा करून.

बरं, आत्तापर्यंत पोस्ट नदीवरून डोंगरला आली. वाऱ्यावर मीराला कोणीच फॉलो करत नाही, त्यामुळे वाऱ्याला ही पोस्ट आहे हेसुद्धा माहीत नाही. पण वाऱ्यावरची अंजली समीरला फॉलो करते आणि समीर ती पोस्ट बूस्ट करतो, म्हणजे आपल्या फॉलोअरना पुढे दाखवतो. आता डोंगर समीरच्या फॉलोअरच्या सर्व्हरांना "अनाउन्स" नावाचा संदेश पाठवतो, आणि त्यात सहसा पोस्टचा मजकूर नसतोच, नुसता तिचा कायमचा पत्ता असतो. वारा बघतो, ही पोस्ट आपल्याकडे नाही, मग तो स्वतः नदीकडे जाऊन ती मागून आणतो. डोंगरकडे प्रत होती की, तिथूनच का नाही घेतली? कारण डोंगर मीराच्या नावाने शब्द देऊ शकत नाही, मजकूर खरा तो मूळ घरी जाऊन विचारलेला. अशा रीतीने वाऱ्याकडे मीराची ही एकच पोस्ट येते, आधीची नाही आणि नंतरचीही नाही.

म्हणून इथे बूस्टला जी किंमत आहे ती लाइकला नाही. लाइक फक्त लिहिणाऱ्याच्या सर्व्हरला जातं, त्याला बरं वाटतं आणि तिथेच संपतं, त्याने पोस्ट कुठेही पुढे सरकत नाही. दुसऱ्या अॅपवर लाइक केलं की ती चार लोकांना जास्त दाखवली जाते, त्या सवयीने आपण इथेही लाइक देतो आणि आवडलेलं लिखाण जागच्या जागी राहतं. बूस्ट केलं की मात्र ती पोस्ट खरोखर अशा सर्व्हरवर जाते जिथे ती नव्हतीच. काही आवडलं, लोकांनी वाचावं असं वाटलं, तर बूस्ट करा. पोस्टमध्ये लिंक असेल तर याचा एक भार मात्र पडतो, ज्या ज्या सर्व्हरकडे पोस्ट जाते तो प्रत्येक जण प्रिव्ह्यूसाठी त्या साइटवर जाऊन धडकतो, म्हणून मॅस्टोडॉन आपला सगळ्यांनी एकदम जाऊ नये यासाठी मिनिटभरात कधीतरी असा मुद्दाम उशीर लावतो.

आता ते रिप्लाय. चौथ्या एका सर्व्हरवरचा माणूस मीराला रिप्लाय देतो. तो रिप्लाय नदीला जातो, कारण मीराला उद्देशून आहे, आणि त्या माणसाचे फॉलोअर जिथे जिथे असतील तिथे जातो. नदीवर मॅस्टोडॉनचं सॉफ्टवेअर असेल तर असे पब्लिक रिप्लाय मीराच्या फॉलोअरच्या सर्व्हरांकडे पुढेही पाठवतो, म्हणून डोंगरला बरेचसे मिळतात. पण वारा? वाऱ्यावर ना मीराचा फॉलोअर, ना त्या माणसाचा. वाऱ्याकडे तो रिप्लाय यायला वाटच नाही. माझ्या छोट्या सर्व्हरवर नेमकं हेच झालं होतं, पोस्ट कोणाच्या तरी बूस्टमधून आली होती, आणि जे तीन रिप्लाय दिसत होते ते तिघं योगायोगाने आमच्या वीसांपैकी कोणीतरी फॉलो केलेले होते. बाकीचे तिथे नव्हतेच. याचा एक त्रास असा की पोस्ट लिहिणाऱ्याला एकच उत्तर वीस जण देतात, कारण प्रत्येकाला वाटतं अजून कोणी सांगितलेलंच नाही, आणि तो माणूस वैतागतो. मॅस्टोडॉनच्या अलीकडच्या आवृत्त्या पोस्ट उघडल्यावर मूळ सर्व्हरकडून राहिलेले रिप्लाय मागवून घ्यायला लागल्या आहेत, ही फार चांगली गोष्ट झाली, पण तुमचा सर्व्हर जुन्या आवृत्तीवर असेल तर सल्ला द्यायच्या आधी मूळ पेज उघडून बघा.

हॅशटॅगचंही तसंच. तुम्ही टॅग शोधता तेव्हा तुमचा सर्व्हर स्वतःकडे असलेल्या प्रतींमध्येच शोधतो. त्यामुळे छोट्या सर्व्हरवर एकटं एकटं वाटतं. यावर उपाय म्हणून रिले असतात, एखादा सर्व्हर रिलेला जोडला की जोडलेल्या सगळ्यांच्या पब्लिक पोस्ट त्याच्याकडे वाहायला लागतात. टाइमलाइन भरते खरी, पण डिस्कही भरते, आणि त्यातलं बरंचसं कोणालाच नको असलेलं असतं. मला विचाराल तर रिलेपेक्षा आपल्या आवडीच्या विषयावर भरपूर बूस्ट करणारी तीस-चाळीस माणसं शोधून फॉलो करणं कितीतरी बरं, त्यांच्यामुळे तुमच्या अख्ख्या सर्व्हरची खिडकी मोठी होते.

डिलीटबद्दल लोक फार गैरसमजात असतात. मीराने पोस्ट उडवली की नदी "डिलीट" असा संदेश पाठवतो, ज्यांच्याकडे प्रत गेली त्यांनी ती काढून टाकावी म्हणून. नीट चालणारे सर्व्हर ऐकतात आणि पुढेही कळवतात. पण ही विनंती आहे, सक्ती करायचा काही मार्ग नाही. जो सर्व्हर तेव्हा बरेच दिवस बंद होता, किंवा जिथलं सॉफ्टवेअर हे ऐकतच नाही, तिथे ती प्रत राहते. एडिटचं पण असंच, "अपडेट" जातो, ज्याला पोचला त्याच्याकडे नवीन, ज्याला नाही त्याच्याकडे जुनं.

आणि अॅडमिनने दुसरा सर्व्हर ब्लॉक केला तर दोघांमधली वाटच बंद होते. डोंगरने नदीला पूर्ण ब्लॉक केलं तर समीरचा फॉलो तुटतो, मीराची पोस्ट कोणी तिसऱ्याने बूस्ट केली तरी डोंगर ती आणायला जात नाही. शिवीगाळ करणाऱ्या सर्व्हरपासून माणसं वाचतात ती यामुळेच, पण दोन अॅडमिनच्या भांडणात समीर-मीरासारख्यांची ओळख तुटते तेव्हा वाईटही वाटतं. तेव्हा अकाउंट हलवता येतं, फॉलोअर नव्या पत्त्यावर येतात, जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत, कारण प्रत्येक पोस्टच्या कायमच्या पत्त्यात जुन्या सर्व्हरचं नाव कोरलेलं असतं आणि ते जगभर गेलेलं असतं.

ब्लूस्कायवर (ट्विटरसारखंच आणखी एक सोशल नेटवर्क) असं होत नाही का, असं कोणी विचारेल. तिथली पद्धत निराळी आहे, तिचं नाव एटी प्रोटोकॉल. तुमच्या पोस्ट तुमच्या डेटा सर्व्हरवर राहतात, रिले नावाचा एक मोठा भाग सगळीकडून सगळं गोळा करतो (वरच्या रिलेशी याचा संबंध नाही), आणि त्यातून अॅपसाठी एक सलग चित्र बनतं, त्यामुळे रिप्लाय सगळ्यांना जवळपास सारखेच दिसतात. सोय आहेच, पण सगळं गोळा करायचं काम जड आहे आणि ते मोजक्याच लोकांना झेपतं. मला खिडकी थोडी लहान असलेली चालते, ती वीस माणसांच्या सर्व्हरला परवडते म्हणून.

त्या दिवशी मी शेवटी काय केलं, मोठ्या सर्व्हरवर दिसणाऱ्या रिप्लायांपैकी मला सगळ्यात आवडलेल्या एकाची मूळ लिंक कॉपी केली आणि छोट्या सर्व्हरच्या सर्चमध्ये पेस्ट केली. दोन-तीन सेकंद गोल फिरलं, आमचा सर्व्हर तिकडे जाऊन तो रिप्लाय घेऊन आला, आणि पोस्टखाली तीनाचे चार झाले. लिहिणारीचं प्रोफाइल उघडलं तर त्यावर तेवढी एकच ओळ, बाकी कोरं. मी फॉलो केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पहिली पोस्ट आमच्याकडे आपणहून आली होती.